पोच्यापर्यंत धणे

सहा वर्षांत पहिल्यांदा विजयाताईंनी सुनेला गोडा मसाला करायची परवानगी दिली, आणि तीही स्वतः सहाशे किलोमीटर लांब असताना. बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या पुण्याला गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, गुडघा चार दिवसांत चालेल. पंधरा दिवस झाले तरी गुडघा विचारच करत होता. इकडे उज्जैनमध्ये कोजागिरी होऊन गेली, आश्विनातलं कडक ऊन पडलं आणि मराठी मंडळाचं दिवाळीचं स्नेहभोजन येऊन ठेपलं. स्नेहभोजनात मसालेभात असतो आणि मसालेभातात विजयाताईंचा मसाला असतो. मंडळात आजवर खुर्च्यांच्या रंगापासून पापडांच्या आकारापर्यंत सगळ्यावर मतदान झालं आहे. या एका गोष्टीवर कधी झालं नाही.

"वही फ्रीजवरच्या टोपलीत आहे," विजयाताईंनी गुरुवारी सकाळी फोनवर सांगितलं. "हळू उघड, पानं सुटलीयेत. मी रविवारी सकाळच्या गाडीने पोचते. तोपर्यंत मसाला तयार पाहिजे, सोमवारी मंडळात द्यायचाय."

"हो आई."

"धणे दौलतगंजातूनच आण. मोबाइलवरून मागवू नको. दहा मिनिटांत घरी येतात ते धणे नसतात. आणि वाटी तीच घे."

"कोणती?"

पलीकडून इतका मोठा उसासा आला की देवश्रीने फोन कानापासून लांब धरला.

"पोच्याची," विजयाताई म्हणाल्या.

उज्जैनात महादेव चौऱ्याऐंशी आणि विजयाताईंच्या स्वयंपाकघरातले नियम पंच्याऐंशी. पंच्याऐंशीवा असा होता, की काठाखाली पोचा पडलेली पितळी वाटी घराबाहेर जायची नाही. का, ते देवश्रीने कधी विचारलं नव्हतं. या स्वयंपाकघरात तिचं पद कोथिंबीर निवडण्याचं होतं आणि त्या पदावरून असले धोरणात्मक प्रश्न विचारत नाहीत. आता मात्र बढतीची संधी आली होती. मसाला जमला तर गॅससमोरची जागा. बिघडला तर पुढची वीस वर्षं कोथिंबीर.

तिने वही उघडली. 'धणे पोच्यापर्यंत, चार वेळा. तीळ पोच्याच्या एक बोट खाली. खसखस पोच्याच्या निम्म्यात. खोबरं किसून, दाबून, शीग लावून. लवंगा बावीस. बादियान अडीच. दगडफूल दीड रुपयाचं.' ग्रॅम नावाची गोष्ट या घरात पोचलीच नव्हती. दगडफुलाचा हिशोब तर दौलतगंजातल्या दुकानदारानेच निकालात काढला. "दीदी, डेढ़ रुपये में तो मैं सूँघने भी नहीं दूँगा," तो म्हणाला आणि त्याने अंदाजाने एक पुडी बांधून दिली.

सामान घेऊन ती घरी आली, मुक्ताला भरवून झोपवलं आणि वाटीसाठी मांडणीकडे हात केला. मुक्ता अडीच वर्षांची होती आणि दुपारी पाऊण तास झोपायची. देवश्रीचं सगळं आयुष्य सध्या त्या पाऊण तासात चाललं होतं. त्यातली दहा मिनिटं वाटी शोधण्यात गेली. अकराव्या मिनिटाला तिला अष्टमी आठवली.

विजयाताई नुकत्याच पुण्याला गेल्या होत्या, म्हणून अष्टमीचा शिरा तिनेच केला होता. त्या दिवशी घरातल्या सगळ्या वाट्या मुक्ताच्या ताब्यात होत्या. तिच्या पलटणीचे ढोल. एक फक्त वरच्या फळीवर होती. देवश्रीने ती काढली, शिरा भरला, वर काजू लावला आणि शेजारच्या पोरवाल भाभींना नेऊन दिला. पंच्याऐंशीवा नियम तेव्हा तिच्या डोक्यात होता की नव्हता, यावर आता चौकशी समिती नेमण्यात अर्थ नव्हता.

अष्टमीला दोन आठवडे झाले होते. वाटी परत आली नव्हती, यात पोरवाल भाभींचं काही चुकलं असंही नाही. आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. घर मराठी असो की माळवी, या एका बाबतीत सगळ्या कॉलनीचा धर्म एक आहे. वाटी भरून आली की भरूनच जायची, आणि भरण्यासारखं काही होईपर्यंत यजमानांकडेच राहायची. कॉलनीतली निम्मी भांडी सध्या अशी दुसऱ्यांच्या घरी पाहुणचार घेत होती.

"कुठलीही वाटी घे ना," अभिजीत म्हणाला. तो तिचा नवरा, विमा कंपनीत अधिकारी आणि त्या दिवशी रजेवर. "प्रमाण आहे ते. सगळं एकाच वाटीने मोजलं की झालं."

"लवंगा बावीस आहेत. मोठ्या वाटीला बावीस की छोट्या वाटीला बावीस? आणि पोचा कुठून आणू?"

"पोचा म्हणजे साधारण किती? दोन तृतीयांश?"

"ते मला माहीत असतं तर मी तुला विचारलं असतं?"

"मग कॉलनीच्या ग्रुपवर टाक, भाभी, हमारी कटोरी लौटा दीजिए."

"ग्रुपवर आई आहेत."

"सहा वर्षांत तू ती वाटी एकदाही नीट बघितली नाहीस?"

"तू तेहतीस वर्षांत बघितलीयेस?"

अभिजीतला जोखीम ओळखण्याचाच पगार मिळत होता. तो आंघोळीला गेला.

पोरवाल भाभी दारातच भेटल्या. "अरे, कटोरी," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "मैं रोज़ सोचती हूँ. पर खाली कैसे भेजती, बताओ. सोचा था मूँग का हलवा बनाऊँगी, तब भेजूँगी. दाल भिगोई, तो मेहमान आ गए. दूसरी बार भिगोई, तो लाइट चली गई."

"कोई बात नहीं भाभी, खाली ही दे दीजिए."

"खाली?" भाभींनी असं बघितलं, की जणू देवश्रीने महाकालात चपला घालून जाऊ का, असं विचारलं होतं. "और वैसे भी, वो अब यहाँ है कहाँ. सामने पड़ी रहती थी, रोज़ देख के जी दुखता था. तो मैंने लौंग सेव भर के पल्लवी को दे दी. मेरे सिर से तो बोझ उतरा."

म्हणजे शिरा देवश्रीचा, वाटी देवश्रीची आणि ऋण फिटलं पल्लवीकडे. या हिशोबात कुठेतरी चूक होती, पण ती शोधायला वेळ नव्हता. शिवाय भाभींनी तोपर्यंत आतून स्टीलच्या कटोरीत भुट्ट्याचा कीस आणून तिच्या हातात दिला होता.

"कटोरी की कोई जल्दी नहीं है," भाभी म्हणाल्या. "आराम से भेजना. सेट की है, बस."

पल्लवी गल्लीच्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि घरी फिजिक्सच्या शिकवण्या घ्यायची. मुक्ता आता जागी झाली होती आणि तिला प्रत्येक पायरी स्वतः चढायची होती. "एक, दोन, पाच, पाच," असं मोजत ती चढत होती. पाचानंतर जगात काही नाही यावर तिचा ठाम विश्वास होता. तिचा इवलासा घामेजलेला हात धरून देवश्री तिच्या गतीने चढली. घाईच्या दिवशी अडीच वर्षांच्या माणसाबरोबर जिना चढल्याशिवाय कुणाला संतपद देऊ नये.

"अगं, ती तुझी वाटी?" पल्लवी म्हणाली. आत पोरांची बॅच बसली होती म्हणून ती दारातूनच बोलत होती. "मला वाटलं, भाभींची. मी म्हटलंही, यांच्याकडे पितळ कधीपासून."

"दे ना मग."

"माझ्याकडे कुठंय? मीरा काकूंकडे आहे."

देवश्री तिथेच पायरीवर बसली. आई बसली म्हणून मुक्ताही बसली.

"त्यांनी मला अनारसे पाठवले होते, प्लास्टिकच्या डब्यात," पल्लवी सांगत होती. "तो डबा माझ्याकडून मायक्रोवेव्हमध्ये वाकडा झाला. बेकार वाटत होतं मला. म्हटलं, निदान दुसऱ्या चांगल्या भांड्यातून काहीतरी द्यावं. चकल्या दिल्या."

"वाटीत चकल्या?"

"मोडून."

मीरा काकू म्हणजे भय्यासाहेब दिघ्यांच्या पत्नी. मंडळाच्या स्नेहभोजनात मसालेभाताला विजयाताईंचा मसाला जातो आणि आमटीला मीरा काकूंचा. मसालेभाताबद्दल लोक पंधरा दिवस बोलतात. आमटीबद्दल सभ्यपणे कुणी काही बोलत नाही. दोघी मंडळात भेटल्या की एकमेकींच्या ब्लड प्रेशरची आस्थेने चौकशी करतात, आणि दोघींनी एकमेकींचा उंबरा अभिजीतच्या जन्माआधीपासून ओलांडलेला नाही. कारण विचारलं की विजयाताई म्हणायच्या, "तिचा स्वभाव." यापुढे या विषयावर कधी काही प्रसिद्ध झालं नव्हतं.

"मी तिथे कशी जाऊ?" देवश्री म्हणाली.

"टेंशन नको घेऊ. थांब," पल्लवी म्हणाली आणि आतून साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. "खा आधी. डबा नंतर दे. घाई नाही."

शुक्रवारी दिवसभर धणे गच्चीत भेरूगढच्या छापील चादरीवर ऊन खात पडले होते आणि देवश्री हिंमत गोळा करत होती. शनिवारी सकाळी तिने सगळा कच्चा मसाला, वही, मुक्ताची खाऊची वाटी आणि एक मार्कर पेन पिशवीत भरलं. योजना सोपी होती. काकूंनी वाटी दिली तर घेऊन यायची. नाही दिली तर पोच्यापर्यंत पाणी भरायचं, ते मुक्ताच्या वाटीत ओतायचं आणि खूण करायची. त्यालाही नाही म्हणाल्या तर तिथेच मोजून घ्यायचं. तिघींना, म्हणजे तिला, मुक्ताला आणि पिशवीला घेऊन ई-रिक्षा फ्रीगंजात निघाली.

मीरा काकूंच्या दारातच भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला. काकू साठीच्या, ठेंगण्या, पदर खोचलेल्या. "ये," त्या म्हणाल्या. "विजयाची सून ना तू? आणि ही नात. नाक अगदी विजयाचं घेतलंय बिचारीने."

स्वयंपाकघरात लोखंडी कढई तापली होती. खिडकीशी भय्यासाहेब तीळ निवडत बसले होते. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून ते निवडण्याची सगळी कामं करत. आणि ओट्यावर मधोमध, घासूनपुसून लखलखीत केलेली, पोच्याची वाटी. तिच्यात धणे होते. पोच्यापर्यंत.

"काकू, ही वाटी..."

"माझी आहे," मीरा काकू म्हणाल्या.

देवश्रीने तीन घरांचा इतिहास सांगायला तोंड उघडलं, पण काकूंनी वाटी उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"हा पोचा दिसतो? मी पाडलाय. एकोणनव्वद साली. नवीन लग्न होतं. यांनी माझी आमटी चाखली आणि म्हणाले, आईसारखी नाही झाली."

"मग?"

"मग काय. वाटी हातात होती."

भय्यासाहेबांनी चष्मा काढला आणि मान वळवली. डाव्या भुवईच्या वर चंद्रकोरीसारखी एक जुनी खूण होती. "जुळवून बघायची असेल तर बघ," ते शांतपणे म्हणाले. "बरोबर बसते."

देवश्रीने जुळवून बघितली नाही. काही पुरावे नजरेनेच पटतात.

"माझ्या रुखवतातली वाटी," काकू सांगू लागल्या. "एक्याण्णवच्या पाडव्याला विजयाला डोहाळे लागले होते, तुझा नवरा पोटात होता. श्रीखंड खावंसं वाटतंय म्हणाली. मी केलं, याच वाटीत भरलं आणि स्वतः नेऊन दिलं. आठ दिवसांनी विचारलं, विजया, वाटी? म्हणाली, अगं, रिकामी कशी देऊ, काहीतरी चांगलं केलं की भरून देते. मी अजून वाट बघतेय."

देवश्रीच्या डोळ्यांसमोरून तेहतीस दिवाळ्यांचा मसालेभात ओळीने गेला.

"आणि मसाला मी या वाटीनेच करायचे. पोच्यापर्यंत धणे, पोच्याखाली तीळ. विजया शिकली माझं बघून. वाटी गेली तेव्हापासून माझं सगळं अंदाजपंचे. एका वर्षी लवंग पुढे, एका वर्षी तीळ. लोक म्हणतात, मीराच्या आमटीचा भरवसा नाही."

"लोक नाही, मी म्हणतो," भय्यासाहेब म्हणाले. मग त्यांचं लक्ष वाटीकडे गेलं आणि ते पुन्हा तिळाकडे वळले.

"काकू, एक दिवस द्याल? उद्या आई येतायत. मसाला नाही झाला तर..." देवश्रीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माझा पहिलाच आहे हो."

"तुझ्या सासूनेही थोड्याच दिवसांसाठी ठेवली होती."

तेवढ्यात मुक्ता काकूंच्या पायाशी गेली आणि तिने हात पसरला. काकूंनी मोडक्या चकलीचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. मुक्ताने तो बघितला, त्याचे दोन केले आणि एक काकूंना परत दिला. रिकाम्या हाताने घ्यायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. काकू तो तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चघळत राहिल्या.

"पिशवीत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कच्चा मसाला."

"मग इथेच कर. कढई तापलेलीच आहे. तू वही वाच, मी मोजते. दोघींचा होऊन जाईल."

देवश्रीला इतकं हायसं वाटलं की ती लगेच वाचायला लागली. "धणे पोच्यापर्यंत, चार वेळा."

"बरोबर."

"तीळ पोच्याच्या एक बोट खाली."

"बरोबर."

"बादियान अडीच."

काकूंचा हात थांबला. "अडीच? मी तीन घालायचे. अच्छा. अडीच." त्यांनी एक बादियान मोडून अर्धं बाजूला ठेवलं. "आणि लवंगा?"

"बावीस," देवश्री म्हणाली, आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की घराण्याचं गुपित ती प्रतिस्पर्ध्याच्या ओट्याशी उभी राहून, मोठ्याने, सावकाश, स्वल्पविरामांसकट वाचून दाखवते आहे. पण आता थांबायचं तरी कसं? दालचिनी, नागकेशर आणि जिरं एवढंच राहिलं होतं. तिने तेही वाचलं.

धणे भाजायला घेतले आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल. विजयाताई.

मीरा काकू एका पावलात फ्रीजच्या मागे गेल्या. भय्यासाहेब खिडकीशी होते, बरोबर देवश्रीच्या पाठीमागे. जायला जागा नव्हती म्हणून ते समजूतदारपणे परातीवर वाकले. देवश्रीने फोन तोंडाच्या अगदी जवळ धरला.

"झालं का?" विजयाताईंनी विचारलं.

"भाजतेय आई."

"मंद गॅसवर ना? धणे तडतडले पाहिजेत, काळे नाही व्हायला पाहिजेत. वाटी दाखव."

देवश्रीने वाटी दाखवली. आयुष्यात इतक्या खऱ्या गोष्टीने इतकं खोटं ती कधी बोलली नव्हती.

"आज्जी, चकली," मुक्ता खालून म्हणाली.

"कुठली चकली?"

"भाभींनी दिली," देवश्री म्हणाली.

विजयाताई क्षणभर स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज एकदम चढला. "जप हं त्या वाटीला. माझ्या सासूबाईंची आहे ती. साठ वर्षं जुनी. त्यांनी जाताना माझ्या हातात दिलीय."

"हो आई."

फोन बंद झाला. नेटवर्क खराब असलं की आई अशा ओरडून बोलतात, देवश्रीने मनाशी म्हटलं. मीरा काकू फ्रीजमागून बाहेर आल्या.

"सासूबाईंची," त्या म्हणाल्या, कच्ची चिंच दातांखाली आल्यासारख्या. "जाताना हातात दिली. बरं झालं, सांगितलं. मला माहीतच नव्हतं."

दुपारपर्यंत मसाला दळून झाला. दोन डबे, एकच वास. टॉवर चौकापर्यंत गेला असेल. काकूंनी देवश्रीचा डबा भरून दिला आणि मुक्तासाठी उरलेल्या चकल्या एका काचेच्या बाउलमध्ये. पितळी वाटी मात्र त्यांनी धुतली, पुसली आणि देवघरात नेऊन ठेवली, देवांच्या मागे. संध्याकाळी देवश्रीने ओटा आवरला तेव्हा त्यावर पोरवाल भाभींची कटोरी, पल्लवीचा डबा आणि मीरा काकूंचा बाउल ओळीने उभे होते. एका वाटीच्या बदल्यात तीन भांडी. अभिजीतच्या मते व्यवहार फायद्याचा होता.

रविवारी सकाळी विजयाताई आल्या. त्यांनी बॅग दारात ठेवली, मुक्ताचे दोन पापे घेतले आणि थेट मसाल्याचा डबा उघडला. चिमूटभर तळहातावर घेतला, अंगठ्याने चोळला, हुंगला, जिभेवर ठेवला. देवश्रीला तिच्या बारावीच्या निकालाचा दिवस आठवला.

"जमलाय," विजयाताई म्हणाल्या.

देवश्री चहाचं आधण ठेवायला वळली.

"वाटी?"

अभिजीत टॉवेल घेऊन आंघोळीला निघाला. त्याची आंघोळ झालेली होती.

"आई, त्याचं काय झालं," देवश्रीने पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "अष्टमीला..."

"मीराकडे ठेवलीस ना?"

भाषण तिथेच संपलं.

"फोनमध्ये मागे कपाळ दिसत होतं," विजयाताई म्हणाल्या. "भय्यासाहेबांनी तोंड खाली घातलं, पण कपाळ वरच राहिलं. तेहतीस वर्षं ज्या पोच्याने धणे मोजले, तो मी ओळखणार नाही? म्हणून तर मोठ्यांदा बोलले, सासूबाईंची म्हणून. ऐकलं ना तिने?"

"ऐकलं." देवश्रीने डब्याचं झाकण लावलं. "पण आई, वाटी काकूंचीच आहे ना?"

"आहे ना. मी कुठे नाही म्हणते? परत करणारच होते. काही करायला वेळ नको?" विजयाताई पदराने वारा घेत बसल्या. "आणि वही? वाचून दाखवलीस?"

"थोडी."

"लवंगा?"

"बावीस."

"बादियान?"

देवश्री ओट्यावरची भांडी सरळ लावू लागली. विजयाताईंनी भाजीच्या पिशवीतून कोथिंबिरीची मोठी जुडी काढली आणि देवश्रीसमोर ठेवली. निकाल असा लागला होता. मसाला पास, सून नापास. देवश्री खाली बसली आणि काड्या मोडू लागली. मुक्ता शेजारी बसून आईने बाजूला टाकलेली पिवळी पानं पुन्हा हिरव्यांत टाकत होती. तिला कुणालाच टाकलेलं आवडत नसे.

अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात भय्यासाहेब. हातात काहीतरी रुमालाने झाकलेलं.

"या, या," विजयाताई अगदी सहज म्हणाल्या, जणू ते दर रविवारी येतात. "मीरा बरी आहे ना? प्रेशर?"

"उत्तम. आज सकाळी तिने आमटी केली." भय्यासाहेब जरा थांबले. "विजया वहिनी, लग्नानंतर पहिल्यांदा मी आमटी मागून घेतली. तर ती म्हणाली, थोडा मसाला विजयालाही नेऊन द्या चवीला. एवढं बोलून ती आंघोळीला गेली. मी म्हटलं, कशातून नेऊ? स्वयंपाकघरात सगळी भांडी खरकटी. देवघरात एक चांगली वाटी दिसली, ती घेतली."

त्यांनी रुमाल काढला.

आत पोच्याची वाटी, मसाल्याने भरलेली. खाली मुक्ता "पाच, पाच" असं पानं मोजत होती.

"तुमच्याकडचीच ना ही? सूनबाईने काहीतरी सांगितलं होतं काल, पण मी तीळ निवडत होतो," भय्यासाहेब नको तितक्या निरागसपणे म्हणाले. "बरं, येतो. आमटी अजून उरलीय." आणि ते कपाळावरची खूण खाजवत जिना उतरून गेले.

विजयाताईंनी मसाला जिभेवर ठेवला. "तोच आहे," त्या म्हणाल्या. मग वाटी एका डब्यात रिकामी केली, नळाखाली धरली, पदराने पुसली आणि पोच्यावरून अंगठा फिरवला. सुनेसमोर एवढा पर्दाफाश झाल्यावर माणसाला जरा मोठेपणा दाखवावाच लागतो.

"जा," त्यांनी वाटी देवश्रीपुढे धरली. "गेटपाशीच असतील अजून. देऊन ये. झालं ते झालं."

देवश्री उठली. हाताची कोथिंबीर झटकून तिने वाटी घेतली. एवढीशी वाटी, पण हातात धरल्यावर जड होती. तिने आत बघितलं. काठापासून दोन बोटं खाली पोचा होता, गुळगुळीत झालेला, अंगठा बरोबर मावेल असा. पुढच्या आश्विनात धणे इथपर्यंत. तीळ एक बोट खाली. खाली गेटच्या कडीचा आवाज आला. स्कूटर सुरू झाली नव्हती अजून.

ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"रिकामी?" देवश्री म्हणाली.

विजयाताईंनी मान वर केली.

"रिकामी कशी देणार, आई? बरं दिसतं का ते?" देवश्री मागे वळली. "काहीतरी चांगलं करू की. मग भरून पाठवू."

खाली स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली. देवश्रीने स्टुलावर चढून वाटी वरच्या फळीवर ठेवली, रव्याच्या डब्याच्या मागे, अगदी भिंतीला टेकवून.

विजयाताई सुनेकडे पाहत राहिल्या. सहा वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मग त्या खाली बसल्या, कोथिंबिरीची जुडी स्वतःकडे ओढली आणि मुक्ताच्या हातातलं पिवळं पान अलगद काढून घेतलं.

"डाळ शिजलीय," त्या म्हणाल्या. "आमटीचं तू बघ."